थोरल्या घड्याळाला हात कोणी लावला?

एक

वहीतलं पान फाटलेलं नव्हतं, कापलेलं होतं. भिंगबाईच्या लेखी हा फरक जमीन-अस्मानाचा होता. फाटलेलं पान म्हणजे उंदीर, ओल, नाहीतर नुसतं वय. कापलेलं पान म्हणजे माणूस.

शनिवार होता, प्रयोगशाळा अर्धा दिवस. दुकानांमधली वजनं-मापं खरी की खोटी हे तपासायची तिची नोकरी. पदार्थविज्ञानाची पदवी हातात पडली आणि लगेच मिळालेली. आईवडील दुसऱ्या गावी असल्यामुळे ती आजोबांकडे राहायची. खिशात कायम घड्याळजीचं छोटं, दांडीचं भिंग, म्हणून घरात सगळे तिला भिंगबाई म्हणत.

दाराशी चपला काढताना आतून थोरल्या घड्याळाचे दोन ठोके पडले. फोनवर तेव्हाच दोन वाजले. ती तडक मागच्या खोलीत गेली आणि भिंतीवर चिकटवलेल्या तक्त्यात सवयीने एक आकडा टाकला. मग माणसाएवढ्या त्या घड्याळाची पेटी उघडली, लंबक थांबवला, गोळा हलकेच काढून ठेवला आणि त्याच्यामागे फळीला टेकवलेली वही बाहेर घेतली. वहीची जागा शंभर वर्षं तीच होती. लंबक काढल्याशिवाय तिला कोणाचा हात पोचत नसे.

तिचे पणजोबा आणि त्यांचे थोरले भाऊ, दोघे घड्याळजी. त्यांनी बनवलेल्या प्रत्येक घड्याळाची नोंद या वहीत होती. एका पानावर दोन नोंदी, मागची बाजू कोरी, कारण शाई पलीकडे फुटायची. अडतीस होतं. एकोणचाळीस होतं. पुढे एकदम बेचाळीस.

आणि तिला हवं होतं नेमकं एक्केचाळीस.

वर्षभर ती या एका आकड्याच्या मागे होती, फक्त तेव्हा तिला ते ठाऊक नव्हतं. पणजोबांचे थोरले भाऊ तरुणपणी समुद्रापलीकडे गेले, काही वर्षांनी पत्रं थांबली, एवढंच घराला माहीत. भिंगबाईने जहाजांतल्या प्रवाशांच्या जुन्या याद्या चाळल्या आणि अनोळखी लोकांना ‘आपण आमचे कोणी लागता का?’ अशी पत्रं पाठवली. पन्नासेक लोकांनी उत्तरच दिलं नाही. एकाने कळवलं, ‘लागत नाही, पण लागलो असतो तर बरं वाटलं असतं.’ आणि मग एका मुलीचं पत्र आलं. भिंगबाई तिला पलीकडची ताई म्हणू लागली. ताईची आजी त्र्याऐंशी वर्षांची होती, घड्याळजीची मुलगी. तिच्या उशाशी वडिलांचं एक लहान घड्याळ असे आणि त्याच्या पाठीवर कोरलेलं होतं: ४१.

“आजी म्हणते, तुमच्या वहीतला आकडा जुळला तर येते,” ताईने कालच सांगितलं होतं. “नाही जुळला तर नाही. या वयात समुद्र ओलांडून चुकीच्या घरी रडायची तिची तयारी नाही.”

तिकिटं आज संध्याकाळपर्यंत पक्की करायची होती. फोन सहाला ठरला होता. म्हणजे हातात चार तासही नव्हते.

भिंगबाईने कापलेल्या कडेवर भिंग धरलं. कड सुतासारखी सरळ होती. तिने वही परत ठेवली, गोळा अडकवला, लंबकाला हलकासा झोका दिला आणि उठली.

सकाळी चहाच्या वेळी वहीचा विषय निघाला, तेव्हा टेबलाशी चौघंच होते. ती स्वतः, आत्या, काका आणि आजोबा. चोर घरातलाच होता.

दोन

आत्या जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसली होती. ती शाळेत मुख्याध्यापिका. घरातही तिचा तास कधी संपत नसे. पुढच्या महिन्यात गावातल्या टॉवरच्या घड्याळाला शंभर वर्षं होत होती. टॉवरखाली पणजोबांच्या नावाची पितळी पाटी बसणार होती, आणि तेव्हाचं भाषण आत्याच्या वाट्याला आलं होतं.

“आत्या, थोरल्या घड्याळाला हात लावलास आज?”

“मी? एकदा लावला होता तेवढा पुरे झाला. काटे उलटे फिरवले मी, आणि ते चार वाजता अकरा ठोके देत बसलं. आठवडाभर बाबांनी माझ्याशी बोलणं टाकलं होतं. का? काय झालं?”

भिंगबाईने सांगितलं. आत्याचा पेन थांबला.

“हे बघ, मला त्या पाहुण्यांचं प्रेम नाही, हे मी तोंडावर सांगते. वंशवृक्ष, वंशवृक्ष! आपण माणसं आहोत की वडाची झाडं? ऐन कार्यक्रमाच्या तोंडावर कोण कुठली माणसं येणार, आणि त्यांचं आदरातिथ्य करायचं कोणी? मीच. पण म्हणून वही कापीन? पोरांना पुस्तकाचं पान दुमडलं तरी मी वर्गाबाहेर उभं करते.”

“तू मधे घरी आली होतीस?”

“दहाला. चष्मा विसरले होते. मागच्या खोलीत पाऊलही टाकलं नाही.” मग तिने आवाज उतरवला. “कापलंय कसं? वेडंवाकडं?”

“एकदम सरळ.”

“मग बाबा सुटले. त्यांना चहाचा कप धरवत नाही.”

“मी त्यांचं नावही घेतलं नव्हतं, आत्या.”

“मी तरी कुठे घेतलं? मी फक्त सोडलं,” आत्या म्हणाली आणि पुन्हा भाषणात डोकं घातलं. पण पुढची पाच मिनिटं तिने एक अक्षर लिहिलं नाही.

तीन

दुकान घराच्या पुढच्या खोलीत होतं. दारावरच्या नव्या पाटीचा रंग अजून ओला होता: ‘टॉवरच्या घड्याळाचे कर्ते’. आत भिंतीभर घड्याळं, आणि झाडून सगळी पाच मिनिटं पुढे.

“गिऱ्हाइकाची गाडी चुकू नये म्हणून,” काका नेहमी सांगायचा. घरातलं कोणतंही घड्याळ त्याच्या हातात पडलं की पाच मिनिटं पुढे जाऊनच परत यायचं. आजोबा म्हणायचे, हा घड्याळं दुरुस्त करत नाही, त्यांना घाबरवतो.

“ये, तपासणी अधिकारी!” काका म्हणाला. “माझं वजन-माप बरोबर आहे, पोटाकडे बघू नकोस.”

भिंगबाईने त्यालाही सांगितलं. काकाचं हसू मावळलं. त्याने खण उघडून पातळ पाती मोजून दाखवली. सहाच्या सहा जागेवर.

“ही सगळ्यांना माहीत आहेत. कोणीही उचलून परत ठेवली असतील,” भिंगबाई म्हणाली.

“खरंय. आणि ही पाटी बघून तू म्हणशील की मलाच वहीची भीती असणार.”

“वहीची भीती का असावी?”

काका गडबडला. “मी वाचलेली नाही. शपथ. बाबा कोणाला हात लावू देतात का? पण लहानपणी एकदा विचारलं होतं, वहीत टॉवरचं घड्याळ आहे का म्हणून. तर म्हणाले, ‘आहे, झोप आता.’ दुपारचे बारा वाजले होते.”

“तू आत कधी आलास?”

“एकला, जेवायला. तेव्हा बाबा त्या घड्याळासमोर खुर्ची टाकून बसले होते. ते महिनाभर तिथेच असतात म्हण. तू फर्मान काढलंस ना, महिनाभर कोणी हात लावायचा नाही, ते रोज किती मागे पडतं ते मोजायचंय म्हणून? तेव्हापासून त्यांचा जीव टांगणीला. सकाळी तबकडीसमोर उभे राहतात, मनगटावरच्या घड्याळाकडे बघतात आणि असा उसासा टाकतात, जसं काही कोणी आजारी आहे.”

भिंगबाईला थोडं वाईट वाटलं. प्रयोग साधा होता: रोज दुपारी फोनवरच्या वेळेशी ताडायचं आणि फरक तक्त्यात मांडायचा. पण घड्याळजीच्या घरात चुकीचं घड्याळ चुकीचंच ठेवायचं, हे आजोबांना किती जड जात असेल, हे तिने मोजलं नव्हतं.

चार

आजोबा अंगणातल्या बाकावर उन्हात बसले होते. हातातला कप बशीवर किणकिणत होता.

“पान गेलं, आजोबा. चाळीस आणि एक्केचाळीसचं.”

“हं,” आजोबा म्हणाले. “मी अकराला दाढी करायला गेलो होतो. गर्दी होती, तासभर गेला. तेवढ्यात आलं असेल कोणी.” त्यांनी हनुवटीवरून हात फिरवला. खरखर आवाज झाला.

“सकाळी मी वही काढत होते तर तुम्हीच थांबवलंत. म्हणालात, शाई फिकी आहे, दुपारी ऊन आत येतं तेव्हा बघ.”

“मग? येतं ना ऊन दुपारी?”

ऊन येत होतं, यात शंका नव्हती. भिंगबाई त्यांच्या शेजारी बसली.

“तो आकडा मिळाला नाही, तर त्या नाही येणार?” थोड्या वेळाने त्यांनी विचारलं.

“नाही.”

“माझ्याएवढीच असेल.”

“तीन वर्षांनी मोठी.”

“म्हणजे ताई म्हणायला हवं.” आजोबांनी कप खाली ठेवला. “मला सख्खी बहीण नाही. चुलत आहे, हेसुद्धा तू सांगितल्यावर कळलं. ऐंशी वर्षं गेली आणि एक बहीण आहे हे मला माहीतच नाही. आता ती दारापर्यंत यायची, तर...”

आतून थोरल्या घड्याळाचे ठोके पडू लागले. एक, दोन, तीन. भिंगबाईने फोन पाहिला. तीन वाजून सहा मिनिटं. बरोबरच होतं; दुपारी वही पाहताना तिने लंबक सहा मिनिटं थांबवून ठेवला होता, तेवढं घड्याळ मागे पडलं.

आणि ती बसल्या जागी ताठ झाली.

वही काढायची तर लंबक थांबवावाच लागतो. लंबक थांबला की घड्याळ मागे पडतं. मग चोराने वही काढली, पान कापलं, वही परत ठेवली, तरी दुपारी ती आली तेव्हा घड्याळ मागे कसं नव्हतं?

पाच

ती मागच्या खोलीत धावली. तक्त्यातले आकडे तिच्याच अक्षरात होते. बुधवार: एक मिनिट चव्वेचाळीस सेकंद मागे. गुरुवार: एक अठ्ठेचाळीस. शुक्रवार: एक बावन्न. रोज चार सेकंद, इमानेइतबारे. आणि आज दुपारी, वहीच्या घाईत, तिने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं: शून्य.

दाराशी ऐकलेले दोन ठोके तिला आठवले. फोनवर दोन वाजले त्याच क्षणी पडलेले. महिन्याभरात असं एकदाही झालं नव्हतं.

चोराने नुसतं पान नेलं नव्हतं. जाता जाता घड्याळ बरोबर करून गेला होता.

भिंगबाई मांडी घालून बसली आणि विचार करू लागली. आत्याने काटे फिरवले असते, तर ठोक्यांचा घोळ झाला असता. ठोके बरोबर होते. काकाने लावलं असतं, तर घड्याळ पाच मिनिटं पुढे असतं. त्याचा हात दुसरं काही जाणतच नाही. सेकंदाला सेकंद मिळवणारा हात या घरात एकच होता. तो चहाचा कप धरताना थरथरायचा. पण तिने तोच हात गेल्याच आठवड्यात घड्याळाची केसाएवढी कमान चिमट्यात धरून बसवताना पाहिला होता, आणि तेव्हा तो दगडासारखा स्थिर होता. तो हात फक्त काम नसताना थरथरायचा. आणि दाढीला तासभर बसून आलेल्या माणसाची हनुवटी खरखरत नाही.

पण अंदाज म्हणजे पुरावा नव्हे. वजन-मापांच्या प्रयोगशाळेत अंदाज लिहिला की साहेब कागद परत पाठवायचे.

या घराण्याचा एक नियम होता. घड्याळाला हात लावला, मग तेल घालायला का असेना, की तबकडीमागच्या छोट्या पितळी दारावर आतून आपली खूण आणि तारीख कोरायची. म्हणजे पुढच्याला कळतं, आधी कोण येऊन गेलं. प्रत्येकाची खूण वेगळी. थोरल्या भावाची चंद्रकोर, पणजोबांचा त्रिकोण, आजोबांचा चौकोन.

चोर कशाला खूण करेल? कोणीच करणार नाही. पण ज्याला चोरी करतानाही घड्याळ चुकीचं ठेवून जाववलं नाही, तो माणूस?

तिने पेटीवरचं टोपीसारखं झाकण उतरवलं, ते बोटभर दार उघडलं आणि भिंग लावलं. चंद्रकोरी, त्रिकोण, मग चौकोनांची रांगच रांग, काळवंडलेली. सगळ्यात खाली एक चौकोन सोन्यासारखा चकचकत होता. शेजारी आजची तारीख.

चोराने सही केली होती.

सहा

आजोबा कामाच्या टेबलाशी बसले होते. ती काही बोलायच्या आत त्यांनी चष्म्याच्या घरातून घडी घातलेलं पान काढून समोर ठेवलं.

“तीनच्या ठोक्यांना तुझं तोंड पाहिलं, तेव्हाच समजलो.”

“खूण कशाला केलीत, आजोबा?”

“हात लावला की करायची.” त्यांना प्रश्नाचंच नवल वाटलं. “चोरी केली म्हणून नियम मोडायचा?”

भिंगबाईला हसावं की रडावं कळेना. तिने पान उलगडलं. पणजोबांचं अक्षर बारीक आणि टोकदार होतं.

‘४०. टॉवर. आराखडा दादाचा, चक्रं दादाने कापली. मी हाताखाली होतो. घड्याळ सुरू व्हायच्या आधी दादा निघाला. नाव माझं लावायला लावलं. ऐकेचना.

४१. दादासाठी, सोबत न्यायला. सगळं काम माझं. याहून चांगलं माझ्या हातून होणार नाही.’

“वडील गेले तेव्हा वाचलं,” आजोबा म्हणाले. “पन्नास वर्षं झाली. तोवर गावभर सांगत फिरलो होतो, टॉवर माझ्या बापाचा. नंतरही सांगत राहिलो. आता पितळी पाटी येणार. आणि तू म्हणालीस, ते पान त्या लोकांना दाखवायचंय. लोक काय म्हणतील? बापाने भावाचं नाव खाल्लं.”

“आजोबा, नाव खाणारा माणूस ते स्वतःच्या हाताने वहीत लिहून ठेवतो का?”

आजोबांनी वर पाहिलं.

“पणजोबांना हे लपवायचं असतं तर एक ओळ न लिहून भागलं असतं. त्यांनी लिहिलं, आणि जपून ठेवलं. या पानाची लाज कसली? मी तर म्हणते, टॉवरपेक्षा या पानाचा अभिमान धरावा.”

आजोबांनी पानाच्या घड्या बोटांनी सपाट केल्या. मग म्हणाले, “सहाला फोनवर मी बोलतो.”

सहा वाजता चौघंही फोनसमोर दाटीवाटीने बसले. पडद्यावर पलीकडची ताई आणि तिच्या शेजारी एक ताठ म्हातारी, मांडीवर लहानसं घड्याळ.

“ताई,” आजोबा म्हणाले, “मी तुमचा चुलत भाऊ. आकडा जुळला. पण आधी एक सांगतो. ते पान आज मीच कापून लपवलं होतं.” आणि एका दमात त्यांनी दोन्ही नोंदी वाचून दाखवल्या. आत्याने हातातले भाषणाचे कागद हळूच उलटे ठेवले.

म्हातारी हसायला लागली. “अरे, काय सांगतोस! बाबा जन्मभर म्हणायचे, टॉवरचं घड्याळ माझ्या धाकट्याचं, मी नुसता कानशी घासत होतो. मी शाळेत सगळ्यांना सांगितलंय, माझ्या काकांचा टॉवर आहे म्हणून!”

“मग खरं कोण बोललं?” काका पुटपुटला.

“वहीत त्याच वेळी लिहिलंय, म्हणून मी वहीचं खरं धरीन,” भिंगबाई म्हणाली. “पण खोटं बोलून स्वतःला लहान करणारी माणसं मी पहिल्यांदाच पाहतेय.”

“आणि चोर सापडला कसा?” म्हातारीने विचारलं.

भिंगबाईने सांगितलं. शून्याचा आकडा, तो चकचकीत चौकोन, सगळं. मग म्हातारीने मांडीवरचं घड्याळ उलटं केलं आणि त्याचं मागचं दार उघडून पडद्याजवळ धरलं. आत चंद्रकोरी होत्या, दरवर्षी एक, चाळीसेक तरी. त्यांच्याखाली लहान-लहान पानं कोरलेली. शेवटचं गेल्या महिन्यातलं.

“पान माझी खूण,” ती म्हणाली. “बाबांनी शिकवलं. हात लावला की करायची. इथे सगळे हसतात मला. आकड्याचं राहू दे रे. तो कोणीही कुठेही कोरू शकतो. पण चोरी करतानाही खूण करणारा माणूस, तो माझ्याच घरचा.” तिने पदराने डोळे टिपले आणि नातीकडे वळली. “बघत काय बसलीस? तिकिटं काढ.”

फोन बंद झाला. मग आजोबा आत्याला म्हणाले, “भाषण बदलावं लागेल तुला.”

“बदलते,” आत्या म्हणाली. “आता कुठे बोलण्यासारखं काही मिळालं. पाटीचंही उद्या कळवते, दोन नावं हवीत. थोरल्यांचं आधी.”

काका दुकानाच्या पाटीकडे निघाला. “रंग ओला आहे तोवर बरं. ‘टॉवरच्या घड्याळाचे कर्ते’च्या आधी ‘दोघे भाऊ’ बसेल का बघतो.”

भिंगबाईने लंबक पुन्हा काढून पान वहीत जागेवर ठेवलं, लंबकाला झोका दिला आणि पेटीचं दार लावू लागली, तेवढ्यात मागून आवाज आला.

“थांब. दुपारी आणि आत्ता, दोनदा तूही लंबक काढलास ना?”

“हो.”

“घड्याळ आठ मिनिटं मागे आहे. आणि खूण कुठाय तुझी?”

भिंगबाईने जीभ चावली. चोराने पाळलेला नियम तपास करणारीनेच मोडला होता.

“माझी खूण ठरलेलीच नाही, आजोबा.”

“मग ठरव.” त्यांनी टेबलावरचा पोलादी टोच्या उचलला, त्यांच्या वडिलांचा, मुठीशी झिजलेला, आणि तिच्या हातात ठेवला. त्यांचा हात जराही थरथरला नाही. “आधी घड्याळ बरोबर कर.”

तिने काटे पुढे घेतले, सेकंदाला सेकंद मिळवला. मग ते बोटभर दार उघडून चकचकीत चौकोनाखाली एक छोटं वर्तुळ कोरलं, त्याला एक दांडी काढली आणि तारीख घातली. आजोबांनी तिच्याच खिशातलं भिंग काढून ती खूण नीट पाहिली.

“दांडी जरा वाकडी आलीय,” ते म्हणाले. “पण आपलीच आहे.”